विहीरवालीचा शेवटचा डबा

आमच्या घरात मला टीव्हीसमोर बसायची मोकळीक आहे. अट एकच, तोंड उघडायचं नाही. मालिका सुरू झाली, त्यातली बाई जिना उतरू लागली, की माझ्या तोंडून आपोआप निघतं, "पाहा, उतरली. हातात दुधाचा पेला हाय. दुधात कायतरी टाकलं तिनं." लगेच सुमन, म्हणजे माझी बायको, रिमोट उचलते. आवाज वाढवायला नाही, मला फेकून मारायला. "आमालेही डोळे देल्ले हायेत देवानं," ती म्हणते.

तिचं खरं आहे. पण डोळे असलेल्या माणसांना सिनेमा सांगणं हाच एके काळी माझा धंदा होता. त्यावर मी पोट भरत होतो, आणि त्या काळात माझं बोलणं ऐकायला लोक तिकीट काढत, हे तिला पटत नाही. आमचं लग्न झालं तोवर तंबू उठला होता. तिच्या वाट्याला मी आलो तो नुसता बडबड्या, पडदा नसलेला.

यंदा उन्हाळ्यात आमची पल्लवी पुण्याहून आली ती एक चपटी डबी घेऊनच. "बाबा, तुमचा भुताचा पिक्चर!" मुखपृष्ठावर हातात मेणबत्ती धरलेली बाई, मागे विहीर, विहिरीतून वर येणारा हात. मी मटकन खुर्चीत बसलो. सत्तरच्या दशकातला, चार पैशांत काढलेला, मुंबईतही कोणी नीट न पाहिलेला तो भूतपट परदेशातल्या कुठल्याशा कंपनीनं शोधून काढला होता. मूळ निगेटिव्हवरून नवा करून, धुऊन-पुसून, डिस्कवर आणला होता. सोबत गुळगुळीत कागदाची पुस्तिका. एका गोऱ्या गृहस्थानं त्यात लिहिलं होतं, की या चित्रपटात दृश्यं मध्येच तुटतात ती दिग्दर्शकाची धाडसी शैली आहे. पल्लवीनं मला ते मराठीत करून सांगितलं तेव्हा मी ओशाळलो. एवढी मोठी शैली आम्ही 'साला, पुन्हा तुटलं' म्हणून चिकटपट्टीनं जोडत फिरलो.

"आणि बाबा, यात एक सोय आहे," पल्लवी म्हणाली. "हे बटण दाबलं की एक जाणकार माणूस सबंध पिक्चरभर वरून बोलत राहतो. समजावून सांगतो."

मी सुमनकडे पाहिलं. असा विजय माझ्या संसारात पुन्हा येणार नाही हे मला ठाऊक होतं, म्हणून जरा वेळ घेऊन पाहिलं.

"त्याची बायको नसन," सुमन म्हणाली.

पल्लवी लगेच लावायला निघाली होती. मी तिचा हात धरला. म्हटलं, नाही. हा पिक्चर मी एकटा पाहणार नाही. हा पाहायचा तर मूल गावाला जाऊन, गफूरचाचांच्या शेजारी बसून. का, ते सांगायचं तर आधी धंदा सांगावा लागेल.

मी सिंदेवाहीकडच्या धानपट्ट्यातला. आता माझं माइक-मंडपाचं दुकान आहे. लग्नं, वाढदिवस, हरवलेली म्हैस, पोलिओचा डोस, सगळ्याची दवंडी माझ्याच आवाजात होते. पण मिसरूड फुटल्यावर हाती लागलेली पहिली नोकरी फिरत्या टॉकीजमधली. तंबू, जनरेटर, प्रोजेक्टर, पत्र्याचे डबे आणि या सगळ्यांवर रुसलेला एक ट्रक. दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीत धान कापून होतो आणि गावोगाव मंडया, म्हणजे जत्रा, भरतात. मंडई म्हटली की नाटक. नाटक असलेल्या गावात आमच्या तंबूत कुत्रंही यायचं नाही, आलंच तर कनातीवर पाय वर करून जायचं. म्हणून मालकांनी ठरवलं, जिथं नाटकवाले जात नाहीत तिथं आपण जायचं. एटापल्ली, त्याच्या आत कसनसूर, खाली भामरागड, हेमलकशाची बाजू. रस्ता संपायचा, ट्रक संपायचा नाही.

पण तिथं एक अडचण होती. पिक्चर हिंदी आणि प्रेक्षक माडिया. सिरोंच्याकडे गेलं तर तेलुगू. त्यासाठी मी. पडद्याच्या बाजूला स्टुलावर बसायचं, हातात माइक. पात्रं बोलू लागली की मी टॉर्चची उघडझाप करायची, मागे ऑपरेटर आवाज पाडायचा, मी दोन वाक्यांत काय झालं ते सांगायचं, पुन्हा टॉर्च, पुन्हा आवाज वर. गाणं लागलं की माझी सुट्टी. गाणं कोणालाही कळतं. पोस्टरवर माझं नाव नसे, पण गावात विचारत, "सांगणारा आला का?"

माडिया मला येते असं मी म्हणायचो. माडिया लोक तसं म्हणत नसत. अर्धी माडिया, अर्धी झाडीबोली, उरलेलं हातवारे. तेलुगूची तर गोष्टच नको. सिरोंच्याजवळच्या एका गावात नायकाची आई मरत होती. मी घशात हुंदका आणून तेलुगूत सांगितलं आणि सगळा तंबू खो खो हसला. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर लोक म्हणाले, ते पुन्हा म्हणा. मी काय म्हटलं होतं ते मला आजतागायत कोणी सांगितलेलं नाही.

माझा दुसरा दोष म्हणजे घाई. दहा वेळा पाहिलेला पिक्चर, पुढचं ठाऊक, ओठांवर आलेलं राहवत नाही. "आता हा मरते पाहा," असं मी बोलून जायचो आणि मागून, प्रोजेक्टरच्या खटखटीवरून आवाज यायचा, "अबे बंडू! मरने तो दे उसको!"

हे गफूरचाचा. आमचे ऑपरेटर. मूळचे चंद्रपूरचे, पाच वक्ताचे नमाजी, आणि मशीनच्या बाबतीत त्याहूनही सोवळे. एका गावात भुताचा पिक्चर लावायचा म्हणून गावाच्या पुजाऱ्यानं आधी येऊन देवाला विचारलं, देवानं होकार दिला, आणि पुजारी मशीनला शेंदूर लावायला पुढं झाला. चाचांनी त्याचा हात हळूच धरून लेन्सपासून वीतभर बाजूला नेला. "इथी लावा महाराज. काचेवर लावाल तं हिरवीन लाल दिसन." पुजाऱ्यानं मान डोलावली. शेंदराचा तो ठिपका चाचांनी कधी पुसला नाही. "तेल देते वक्त निशानी काम आती," म्हणायचे.

हा भूतपट मालकांनी अमरावतीहून आणला. त्या काळी आमच्या भागातल्या सगळ्या टॉकीजवाल्यांची पंढरी अमरावती. वितरकांची कार्यालयं तिथं. जुनी, घासलेली प्रिंट, कोणी भाड्यानंही घेईना, म्हणून मालकांना कायमची मिळाली. त्याचं हिंदी नाव भारदस्त होतं, पण आमच्याकडे पिक्चरला लोक स्वतः नाव ठेवतात. याला नाव पडलं 'विहीरवाली'.

गोष्ट साधी. एका जमीनदारानं आपल्या सुनेला विहिरीत ढकललेलं असतं. कित्येक वर्षांनी त्याच घरात धाकट्या मुलाची नवी, शहरातली बायको येते. रात्री विहिरीतून कोणीतरी हाका मारतं. अधूनमधून गोरिलाचा मुखवटा घातलेला एक माणूस फिरतो. तो कोण हे शेवटपर्यंत कळत नाही, बहुधा कंपनीकडे मुखवटा शिल्लक असावा. शेवटी नवी सून विहिरीच्या काठाशी जाते, वाकते, आणि पाण्यातून हात वर येऊन तिचं मनगट धरतो. बांगड्या फुटतात.

आणि पडदा पांढरा होतो.

कारण शेवटचा डबाच नव्हता. डब्यांवर नंबर होते, शेवटच्या डब्यात दुसऱ्याच कुठल्या पिक्चरमधली घोड्यांची शर्यत निघाली. हे आम्हाला कळलं ते एटापल्लीच्या आतल्या एका गावात, पहिल्याच खेळाला, तंबू भरलेला असताना.

मालक तिकिटाच्या टेबलावरून ओरडले, "बत्ती बुझा! कांड्या जळतात!" प्रोजेक्टरचा दिवा कार्बनच्या कांड्यांवर चालायचा, पांढऱ्या पडद्यावर त्या जाळणं म्हणजे मालकांचं काळीज जाळणं. दिवा विझला. लोक बसूनच. मी माइक धरला आणि हिंदी भूतपटांचा जो ठरलेला शेवट असतो तो सांगून टाकला. एक मांत्रिक येते, त्रिशूळ आणते, विहीरवालीले जाळते, सगळे सुखी होतात, चला घरी.

कोणी उठलं नाही. बायकांच्या बाजूनं एक म्हातारी उभी राहिली. रैनीबाई तिचं नाव, हे नंतर कळलं. ती माडियात बोलली. मी माझ्या बोलीत सांगतो.

"कोणाले जाळलं?"

"विहीरवालीले, बाई."

"ते तं मेलीच हाय. मेलेल्याले काय मारतेस?"

लोक हसले. माझ्यावर.

"पाण्यात मेली नं ते?" रैनीबाई म्हणाली. "मंग पाण्यातून तिले घरी आणाले कोण गेलं?"

त्या भागातली रीत मला ऐकून माहीत होती. माणूस गेला की त्याचा जीव बाहेर भटकत ठेवत नाहीत. घरचे लोक पाण्यावर जातात, नाव घेऊन हाक मारतात, हाताला लहानसा मासा लागो की किडा, तो मडक्यात घालून घरी आणतात. माणूस घरी येतो, घरच्या इतर मेलेल्यांसोबत राहतो. मग कोणाला त्रास देत नाही. तिच्या दृष्टीनं गोष्ट उघड होती. हाका मारणारी भूत नव्हतीच. तिला आणायला कोणी गेलं नव्हतं.

मी म्हटलं, "उद्याच्या खेळात आणतो, बाई."

"उद्या काऊन? आज आण. लेकरं झोपतीन कशी?"

आणि माझ्या मागून खट्ट आवाज झाला. चाचांनी दिवा पुन्हा पेटवला होता. मालक बोंबलत होते, पण चाचांचं लक्ष नव्हतं. पांढऱ्या पडद्यावर खालून एक काळा हात वर आला, पाची बोटं पसरलेली. लेन्ससमोर चाचांचा स्वतःचा हात.

मग मी सांगू लागलो. नवी सून हात सोडवून घेत नाही. ती म्हणते, बाई, तू बुडवत नाहीस, तू वर येतेस. पण एकटीला ओढवत नाही. ती गावाला हाक मारते. "ओढा!" मी ओरडलो, आणि तो सगळा तंबू ओढू लागला. बसल्या जागी, हवेत, दोन्ही हातांनी, धान भरलेली पोती ओढावी तसे. पडद्यावरचा हात हळूहळू वर चढला. मनगट, कोपर. सदऱ्याची बाही दिसू लागली तेव्हा चाचांनी मागून विचारलं, "आली का घरी?"

"आली!" लोक म्हणाले.

चाचांनी दिवा विझवला.

त्यानंतर विहीरवाली आमच्या तंबूचं हुकमी पीक झाली. लोक एक खेळ पाहून पुढच्या गावी पुन्हा यायचे, नुसतं तिला घरी आणायला. मालकांनी कांड्या जळण्याची तक्रार सोडली. चाचांचा खांदा दुखायचा म्हणून मीच एकदा म्हटलं, हात मी दाखवतो. ते म्हणाले, "तेरा हाथ मरे हुए का नहीं लगता. भिकारी का लगता है."

एक मात्र आम्ही बसवलं नव्हतं, ते आपोआप झालं. भामरागडच्या बाजूला एक बाई आली, कमरेला लहानसं मडकं. तिची लेक आदल्या पावसाळ्यात नदीत गेलेली, सापडली नव्हती. घरच्यांनी रीत केली होती म्हणे, पण तिच्या मनासारखी झाली नव्हती. मी "ओढा" म्हटलं तेव्हा ती विहीरवालीला नाही, आपल्या लेकीला हाक मारू लागली. नाव घेऊन. मग दुसरीकडून दुसरं नाव. मग आणखी. मी माइक खाली ठेवला. मला सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. माझ्यासारख्या माणसाच्या बाबतीत हे किती वेळा घडलं असेल, सुमनला विचारा.

चाचा त्यात कधी कोणाचं नाव घेत नसत. ते लेन्ससमोर हात धरून उभे असत.

एका वर्षी तंबू बाहेर काढायला उशीर झाला आणि पावसानं आम्हाला आतच गाठलं. पर्लकोटा नदी रस्त्यावर आली. चंद्रपुरात हमीदाचाची, म्हणजे चाचांची बायको, तापानं गेल्याचा निरोप नदीच्या त्या काठावर येऊन थांबला होता. चाचा पोचले तेव्हा मातीही होऊन गेली होती. पुढच्या मोसमात ते आले, मशीनला तेल दिलं, शेंदराच्या ठिपक्यावरून बोट फिरवलं.

पण तेव्हापासून त्यांना त्या शेवटच्या डब्याचा ध्यास लागला. मालकांसोबत अमरावतीला गेले की प्रत्येक वितरकाच्या दारात विचारत. कोणाकडे नव्हता. परत येताना ट्रकमध्ये, खिडकीबाहेर पाहत मला विचारत, "बंडू, कंपनीने उसका क्या किया होगा? घरी नेलं असन का?"

"नेलं असन, चाचा."

"हम तो अपने मन का बताते है. रैनीबाई का बताते है. पण बनवणाऱ्यानं काय केलं, ते पाहाले पायजे ना. एक बार देखना है."

मग गावोगाव टीव्ही आले, कॅसेटवाले आले. काही भागात तर संध्याकाळनंतर लोक एकत्र जमेनासेच झाले, त्याची कारणं वेगळी. तंबू उठला. प्रिंट चुड्या बनवणाऱ्यांनी नेली. विहीरवाली कुणाच्या तरी हातात बांगड्या होऊन गेली असेल तर शोभलं तिला. चाचा मूलला लेकीकडे, नजमाकडे राहायला गेले आणि काचबिंदूनं त्यांची नजर हळूहळू मिटली. भेटायला गेलो की शेवटी विचारणं ठरलेलं, "डब्बा मिला क्या कहीं?"

म्हणून ती डबी हातात आली तेव्हा मी मटकन बसलो होतो. डबा मिळाला होता. पाहणारे डोळे गेले होते.

आता ती चालवायची कशावर? सगळ्या सिंदेवाहीत डिस्क चालवणारं यंत्र निघालं ते माझ्याच दुकानात, स्पीकरच्या खोक्यांखाली, आणि त्यानं डिस्क गिळून परत द्यायला नकार दिला. माझी अब्रू आणि डिस्क दोन्ही पल्लवीनं पेचकसनं बाहेर काढली. तिनं काय खटपट केली कोण जाणे, पिक्चर पेनड्राइव्हवर आला. सुमन म्हणाली, मीही येते. "चाचांचे डोळे गेले, कान तं हायेत. तुमाले कोणी गप करणारं पायजे नं."

नजमाच्या पुढच्या खोलीत शिवणाचं मशीन, भिंतीवर टीव्ही, खिडकीशी चाचांची खाट. दुपारची वेळ. ब्लाउजचं माप द्यायला आलेल्या दोन बायका भुताचा पिक्चर म्हटल्यावर बसूनच राहिल्या. मी डबी चाचांच्या हातात दिली. त्यांनी उघडली, डिस्क चाचपली, नाकाशी नेली.

"वास नाई येत."

"नाही, चाचा."

"पूरा पिक्चर इसमे? आपली कंबर काऊन मोडली मंग इतके साल?"

पिक्चर सुरू झाला. असा स्वच्छ, की मला ओळखू येईना. आमच्या प्रिंटमध्ये सगळ्या पिक्चरभर पाऊस पडायचा, ओरखड्यांचा. नायिकेच्या गालावरून एक हिरवी रेघ जायची, तिला मी तिच्या दुःखाची खूण समजत आलो होतो. सगळं धुऊन काढलं होतं. विहीरवालीच्या पांढऱ्या साडीला पाठीमागे चेन आहे हे मला इतक्या वर्षांनी दिसलं.

चाचा कान देऊन ऐकत होते. "खरखर कुठी गेली बे?"

"पुसली त्यांनी."

"और मेरे जोड? जिना पे?" कसनसूरला तिथं रीळ तुटलं होतं, तेव्हापासून नायिका जिन्याच्या वरच्या पायरीवरून थेट स्वयंपाकघरात उडी मारायची.

"आता ती सगळा जिना उतरते, चाचा."

"अच्छा?" त्यांचा चेहरा उजळला. "उतरती थी?" मग चिडून, "अबे, चूप काऊन बसला? सांग ना!"

मी सुमनकडे पाहिलं. रिमोट तिच्या हातात होता. मी भीत भीत सुरू केलं. जिना उतरली, कंदील घेतला, मागे गोरिला हाय, तिले नाई दिसला. बायका हसल्या. नजमानं मशीन थांबवलं. मी टॉर्च असल्यासारखा हात वर केला आणि सुमननं रिमोटनं आवाज पाडला. कोणी शिकवलं नव्हतं तिला. मी बोलून हात खाली केला, तिनं आवाज वर केला. असं चालू राहिलं. इतक्या वर्षांच्या संसारात तिनं माझं बोलणं पहिल्यांदा ऐकलं.

मग विहीर आली. नवी सून वाकली. हात वर आला, मनगट धरलं, बांगड्या फुटल्या. चाचा खाटेवर ताठ बसले.

आणि पडदा पांढरा झाला नाही.

पुढचं मी पाहत होतो आणि चाचा ऐकत होते. मंत्राचा घोष. विजेचा कडकडाट. एक बाई किंचाळली, लांब, खोल जात. मग दगडावर दगड घासल्याचा जड आवाज, आणि धप्प. त्यानंतर जीप सुरू झाली, विनोदी नोकरानं काहीतरी म्हटलं, सनई वाजली.

"बंडू," चाचा म्हणाले. "क्या किया उसका?"

खोटं सांगता आलं असतं. पण त्यांचे कान माझ्या डोळ्यांपेक्षा धड होते, आणि 'एक बार देखना है' हे त्यांनी माझ्याच भरवशावर म्हटलं होतं.

"मांत्रिक आला, चाचा. तिले खाली ढकललं. विहिरीवर शिळा बसवली. बाकीचे जीपमधून गेले."

"शिळा बसवली."

"हो."

नजमा पाणी घेऊन आली, चाचांनी घेतलं नाही. मग त्यांनी मान वर केली.

"पीछे ले. हाथ पे रोक."

सुमननं मागे नेलं. नवी सून वाकलेली, पाण्यातून हात वर आलेला. तिथं थांबवलं. चाचांनी उजवा हात समोर उचलला, पाची बोटं पसरून. खोलीत प्रोजेक्टर नव्हता, भिंतीवर सावलीही पडत नव्हती.

"बोल."

मी उभा राहिलो. शब्द जागच्या जागी होते. नवी सून हात सोडवून घेत नाही. ती म्हणते, बाई, तू बुडवत नाहीस, तू वर येतेस. पण एकटीला ओढवत नाही. ती गावाला हाक मारते.

"ओढा!"

पहिली ओढू लागली ती सुमन. मग माप द्यायला आलेल्या दोघी, हसत हसत, आणि मग हसणं थांबलं. पल्लवी. नजमा, दोन्ही हातांनी. मी पुढं होऊन चाचांचा तो हात धरला. तंबूत मी नेहमी पडद्याजवळ आणि ते मशीनजवळ, मध्ये सगळा गाव. हा हात मी कधी धरला नव्हता. ओढलं. चाचा खाटेवरून उठून उभे राहिले.

"हमीदा," ते म्हणाले. एकदाच.

खिडकीबाहेर एक मोटारसायकल गेली. चाचांनी माझ्या हातावरची पकड सैल केली नाही.

"आली का घरी?"

"आली, चाचा."

"मंग बत्ती बुझा."

रिमोट सुमनच्या हातात होता. टीव्हीवर तो हात अजून तसाच थांबलेला. तिनं बटण दाबलं नाही. रिमोट हळूच खाटेवर ठेवला.

"राहू द्या नं जरासी," ती म्हणाली. "आत्ताच तं आली."